शॉर्टमध्ये सांग, बाई

माझी थोरली बहीण, जिला घरात आणि गावात सगळे बाई म्हणतात, हल्ली माझ्याशी दोन-तीन शब्दांत बोलते. मी फोन करून विचारतो, "बाई, कशी आहेस?" ती म्हणते, "बरी हावो." पाऊस आला का? "आला." धानाचा रोवणा झाला का? "झाला." मग ती थांबते. मी पुढे काही बोललो नाही, तर हळूच फोन ठेवते. त्या ठेवण्यात राग नसतो. राग असता तर मी त्याला काही उत्तर दिले असते.

असे बोलायला तिला मीच शिकवले. त्यासाठी मला पुष्कळ वर्षे लागली आणि एक इंग्रजी शब्द पुरला.

मी अहेरीत इंग्रजी शिकवतो. माझ्या वर्गात मुलचेऱ्याकडची बंगाली मुले असतात, गोंडी बोलणारी असतात, सिरोंच्याकडून आलेली तेलुगू घरांतली असतात. त्यांतल्या निम्म्यांना मराठीच शाळेत येऊन शिकावी लागते. अशा वर्गात 'शॉर्ट' हा शब्द शिकवणे सोपे जाते. खडूचा तुकडा दाखवायचा, दोरी दाखवायची, घड्याळ दाखवायचे. मराठीत सदरा आखूड असतो, माणूस ठेंगणा असतो, वेळ थोडा असतो आणि वाट तर कमी लांबीची नसतेच, ती जवळची असते. इंग्रजीत या साऱ्यांना एकच शब्द चालतो. या काटकसरीचे मला तरुणपणी फार कौतुक होते. एका शब्दात अंतरही मावते आणि वेळही मावतो, असे मी वर्गात म्हणत असे.

एकदा एका मुलीने विचारले, "सर, अहेरी ते मुलचेरा शॉर्ट हाय का लाँग हाय?"

मी म्हणालो, "चंद्रपूरच्या मानाने शॉर्ट."

"आन् पायी जाणाऱ्याले?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. तिचा प्रश्न चांगला होता. 'शॉर्ट' हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याच्या शेजारी दुसरे काहीतरी ठेवावे लागते, आणि काय ठेवायचे ते बोलणारा ठरवतो. शब्दकोशात अर्थ असतो, उदाहरण असते. माप कोणाचे, ते लिहिलेले नसते.

उताऱ्याचा सारांश शिकवताना मी हाताची एक खूण करीत असे. उजव्या हाताची दोन बोटे कात्रीसारखी उघडायची आणि मिटायची. कापा. शॉर्ट करा. ही खूण मुलांना फार आवडली आणि हळूहळू ती सारांशाच्या तासाबाहेर आली. उशिरा आलेला मुलगा दारात उभा राहून सांगू लागे, "सर, काल का झालं, आमच्या नाल्याले पूर आला, तं आमचा बैल..." मी दोन बोटे उघडत असे. वर्ग खदखदत असे आणि मुलगा खाली बसत असे. मी आवाज कधी चढवला नाही. मी हळू बोलतो, आयुष्यभर हळूच बोललो आहे, आणि त्याचे मला नेहमी चांगले प्रमाणपत्र मिळत गेले. हळू आवाजात माणसाला गप्प करता येते आणि वर सज्जनही म्हणवून घेता येते, हे मला तेव्हा कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. थोडेसे कळत होते.

आता बाईच्या बोलण्याविषयी सांगायला हवे.

आमच्या गावात बाहेरून माणूस आला की आधी त्याच्यासमोर पाण्याचा लोटा ठेवतात. तो पाणी पितो आणि मग वाट सांगतो. कुठून निघाला, कोण भेटले, नाल्याला पाणी किती, कुठे झाड आडवे पडले, कुठे वाघाचा माग दिसला, कोणाच्या घरी कोण आजारी आहे. ज्या कामासाठी आला ते काम शेवटी. भोवती जंगल असले की वाट हीच पहिली बातमी असते, कारण उद्या त्याच वाटेने दुसऱ्या कोणाला तरी जायचे असते. आजारी माणूसही आपले दुखणे असेच सांगतो: काल कुठे होतो, काय केले, कुठे निजलो, उठलो तेव्हा कसे वाटले, आणि मग कुठे दुखते. मधूनच सुरुवात करणे आमच्याकडे उद्धटपणाचे समजतात.

बाई या रीतीत सगळ्यांत तरबेज. आमची आई लवकर गेली. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा बाईची शाळा सुटली आणि रोज मला जंगलातून शाळेपर्यंत नेऊन सोडण्याचे काम तिच्याकडे आले. मी चालायचा कंटाळा करी. मग ती सांगू लागे. काल या झाडाखाली कोण बसले होते, त्याची बायको त्याला काय म्हणाली, त्यावर त्याने काय केले. ते संपेपर्यंत शाळा येई. तिच्या लांब बोलण्याने माझी वाट जवळची होत असे. मी इंग्रजीचा मास्तर झालो तो त्या वाटेवरून चालत जाऊन.

ती पुढे मुलचेऱ्याकडच्या एका गावात नांदायला गेली, विधवा झाली, मुलाचे लग्न करून सून आणली. वर्षातून तीन-चारदा ती आमच्याकडे अहेरीला येई. लाखोळीची डाळ आणी, सुकवलेली मोहफुले आणी. पाणी पिऊन पदराने तोंड पुसे आणि सुरू करी:

"मी काय म्हणून राह्यली, सकाळी फाट्यावर उभी होती, तं तो मच्छीवाला दादा नाई का, त्याची गाडी आली. म्हणे, मावशी, बसा. मी म्हटलं, काऊन रे, मासोळीवर बसू काय? तं म्हणे, मासोळी काई बोलत नाई, तुमीच बोलान. मंग बसली. पुलाजवळ पाह्यलं तं एक बाजू खचून हाय. तुमच्याकडचं कोणी इकडून गेलं तं उजव्या अंगानं जा म्हणा..."

माझी पत्नी चंद्रपूरची, शहरात वाढलेली. ती हसून म्हणे, "बाई, मासोळी पोहोचली, पूल पोहोचला. तुम्ही कशाला आल्या ते अजून पोहोचायचं आहे."

आणि मी म्हणे, "शॉर्टमध्ये सांग, बाई."

मी तिच्याशी गावची बोली बोलणे सोडले होते. ती 'मले' म्हणे, मी 'मला' म्हणे. माझी मुलगी लहान असतानाच ती कात्रीची खूण शिकली. बाईने तोंड उघडले की ती समोर बसून दोन बोटे चालवी आणि आम्ही सगळे हसत असू. बाईही हसे. तिला वाटले, ही शहराची रीत आहे. दाराबाहेर चप्पल काढतात तशी मोठी गोष्ट दाराबाहेर काढून यायची. ती शिकू लागली. मधूनच स्वतःला अडवी, "थांबा, शॉर्टात सांगते," आणि मग एवढी चाचरे की आम्ही आणखी हसत असू. गावात ती कौतुकाने सांगे, असे तिची सून मला पुढे म्हणाली: "माझा भाऊ इंग्रजीचा मास्तर हाय. त्याले शॉर्टात सांगा लागते."

मुलीच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. मुलाकडची मंडळी चंद्रपूरहून येणार होती. पावसाळ्याचे दिवस होते. बाई पहिल्या बसने निघाली आणि ती आमच्या दारात पोहोचली तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. माझ्या पत्नीने तिला पाणी दिले. पाणी पिऊन ती ओसरीवरच, सगळ्यांच्या समोर, बसली आणि म्हणाली:

"काल का झालं, घरी पाव्हणे आले. खाटा त्याहिले देल्या. मंग मी भुईवर निजली, तं पहाटेच्या..."

मुलाची आत्या माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होते. कोणत्या जातीचे हसू, ते मला ओळखता आले. मी दोन बोटे उघडली आणि मिटली.

मुलीने ते पाहिले आणि तिनेही बोटे चालवली. पाहुण्यांना खेळ कळला. कोणीतरी म्हणाले, "अरे वा, सरांच्या घरात सेन्सॉर आहे." सगळे हसले.

बाई थांबली. मग म्हणाली, "पोट दुखते."

"अजून जेवण व्हायचं आहे, बाई," मुलाची आत्या म्हणाली. "आधीच दुखायला लागलं?"

पुन्हा सगळे हसले. पण तिचा चेहरा ओढलेला दिसत होता, म्हणून मी तिला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेले. जाताना मी तिला हळू आवाजात सांगितले की कार्यक्रमाला वेळ थोडा आहे, डॉक्टरांसमोर लांबण लावू नकोस. ती म्हणाली, "नाई लावत."

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारले, "काय होतंय, आई?"

तिने सुरुवात केली, "डॉक्टरसाहेब, काल घरी पाव्हणे..." आणि माझ्याकडे पाहिले. माझा हात माझ्या गुडघ्यावर होता. हात मी उचललाही नाही. दोन बोटे तेवढी उघडली.

"पोट दुखते," ती म्हणाली.

"काल बाहेर काही खाल्लं? उलटी? अजून काही त्रास?"

'अजून काही' असे त्यांनी विचारले होते. दोष त्यांच्याकडे जाऊ नये, म्हणून मी हे लिहून ठेवतो आहे. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "नाई."

त्यांनी इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या, आणि बरे वाटले नाही तर लगेच परत आणा, असे सांगितले. आम्ही घरी आलो.

साक्षगंध सुरू झाले. बाईला आम्ही कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले. आधी बुद्धवंदना झाली, पंचशील झाले. ती रोज सकाळी मोठ्या आवाजात पंचशील म्हणते. त्या दिवशी तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. मला वाटले, थकली असेल. मग तिच्या पापण्या मिटू लागल्या. ती त्या उघडे आणि त्या पुन्हा खाली येत. शेवटी तिने एका बोटाने एक पापणी वर धरली आणि त्या एका डोळ्याने ती माझ्या मुलीकडे पाहू लागली.

माझा मेहुणा म्हणाला, "बाई, आज गोष्ट सांगू दिली नाही तर तुम्हालेच झोप आली."

हशा झाला. मी हसलो का? ओठांवर हसू होते. कोणीतरी मोबाइलने तिचा फोटो काढला, एक डोळा मिटलेला, एक बोटाने उघडा धरलेला, आणि तो नातलगांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसरे चेहरे आले. तो फोटो अजून माझ्या मोबाइलात आहे. मी तो पुसला नाही.

हार घालून होत होते तेव्हा माझा फोन वाजला. बाईची सून बोलत होती.

"मामाजी, आई कशा हायेत? पहाटेले उठल्या तं म्हणत होत्या, कानामागं काईतरी मुंगीवाणी चावलं. आमी दिवा लावून पाह्यलं, काई दिसलं नाई. आता चटई झाडून राह्यली होती, तं खालून मण्यार निघाली. त्याहिनं सांगितलं नाई का तुमाले?"

मण्यारीचा दंश आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतो. चावल्या जागी सूज येत नाही, दुखत नाही, खूण दिसत नाही. पोट दुखते, मग पापण्या पडतात, मग जीभ, मग श्वास. आमच्याकडे पावसाळ्यात पोट दुखते म्हणणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न, रात्री कुठे निजला होतास, हाच विचारतात. आणि ती तिथूनच सुरू करीत होती. भुईवर निजली, हे तिचे दुसरे-तिसरेच वाक्य होते.

मी तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलो. म्हणालो, "बाई, रात्री काय झालं? सगळं सांग. पहिल्यापासून सांग."

मला आठवते तसे, हे मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो. तिने तोंड उघडले. जीभ वळेना. एक घोगरा आवाज आला आणि ओठांच्या कडेने लाळ आली. पापणीवरचे बोट खाली पडले.

पुढे जे झाले त्यात माझा काही वाटा नाही. ते इतरांनी केले. विषावरचे इंजेक्शन अहेरीतच मिळाले. श्वास मंदावत होता, म्हणून तिला रुग्णवाहिकेतून चंद्रपूरला न्यायचे ठरले. एक माणूस सारा वेळ तिच्या तोंडावर रबरी फुगा धरून दाबत होता. तो दाबेल तेवढाच तिचा श्वास. पुढे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग होती. वळणावर एक ट्रक रुतला होता आणि रस्ता दोन्ही बाजूंनी अडला होता. त्या माणसाचा हात भरून आला की तो हात बदले. मी त्याच्याकडे पाहत बसलो होतो. अंतर आणि वेळ एका शब्दात मावतात, असे मी मुलांना शिकवले होते.

ती वाचली. यंत्रावर होती, मग यंत्र निघाले. गळ्यातली नळी काढल्यावर परिचारिकेने विचारले, "मावशी, कसं वाटतं?"

"बरं," बाई म्हणाली.

गळा दुखत असेल, मला वाटले. गळा बरा झाला. ती चालू लागली, गावी गेली, शेतात जाऊ लागली. बोलणे तेवढेच राहिले. माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली, लोटाभर पाणी प्यायली, तोंड पुसले आणि म्हणाली, "आली." दिवसभर कोणाला तिची अडचण झाली नाही. रात्री आवराआवर करताना पत्नी म्हणाली, "बाई आता किती सुधारल्या." त्यात तिला काही टोचून बोलायचे नव्हते. तिला खरेच तसे वाटले होते.

पंचशीलातल्या चौथ्या शीलात खोटे न बोलण्याचे वचन आहे. आमच्या विहारात समजावून सांगतात की त्यात कठोर बोलणेही आले. मी खोटे बोलत नाही. कठोर शब्द माझ्या तोंडून निघत नाही. त्या दिवशी दवाखान्यात तर मी एक शब्दही बोललो नव्हतो. कोणत्याही शीलात न सापडणारी जागा शोधून मी तिथे उभा होतो.

वर्गात मी आता ती खूण करीत नाही. उशिरा आलेली मुले नाला सांगतात, बैल सांगतात. मी ऐकतो. पण ऐकताना आतून मला अजून कंटाळा येतो आणि टेबलाखाली माझी बोटे हलतात. सहकारी म्हणतात, सरांचा तास ढिला पडला. त्यांचे खरे आहे.

या पावसाळ्यात मी बाईकडे गेलो. एकटाच गेलो, आणि जाताना डोळे उघडे ठेवून गेलो. सून पाण्याचा लोटा घेऊन आली. बाई जात्यापाशी धान निवडत बसली होती. मी पाणी प्यायलो आणि तिच्यासमोर भुईवर बसून, पुष्कळ वर्षांनी गावच्या बोलीत, वाट सांगू लागलो. बस कुठी बंद पडली. बंगाली गावातली एक म्हातारी कोंबडा घेऊन बसमध्ये चढली, तं कंडक्टर म्हणे, कोंबड्याचं तिकीट लागते. तं ती म्हणे, तो उभाच राहीन, सीट नाई मांगत. पुलाची बाजू आता बांधली हाय. फाट्यावरचा मोह वाऱ्यानं मुळासकट पडला.

बाईचे हात थांबले होते. मोह पडला म्हटल्यावर तिने मान वर केली. "कोणता?" ती म्हणाली. "मोठा?"

"मोठा."

ती ऐकत होती. तिचे ऐकणे मी ओळखतो. लहानपणी ते माझ्या वाट्याला पुष्कळ आले आहे. मला धीर आला. वाट संपली होती, आता काम सांगायचे होते. ते मी घरून नीट जुळवून आणले होते, एकेक वाक्य तपासून.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी दवाखान्यात तू डॉक्टरले सांगून राह्यली होतीस, तेव्हा मी..."

तिने धानाचा हात उचलला. दोन बोटे उघडली आणि मिटली. बोटांना कोंडा लागलेला होता.

दारात उभी असलेली सून हसली आणि तिने तोंडावर पदर घेतला. बाई हसली नाही. तिने सूप बाजूला ठेवले, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि चुलीकडे जाताना पाठमोरीच विचारले, "जेवतं का?"

बाकीचे सगळे माझ्या तोंडात तसेच होते.

"जेवतो," मी म्हणालो.